तनूचं वाक्य बरोबर होतं

"वहिनी शाळेत काय शिकवतात?" असं कुणी विचारलं, की आमचे हे उत्तर द्यायचे, "ऐकायला शिकवते. घरी मात्र स्वतः कुणाचं ऐकत नाही." पाहुणे हसायचे, मीही हसायचे. एकतीस वर्षं हा विनोद चालला. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी मात्र असं काही घडलं, की ह्यांनी तो आपणहून बंद केला.

माझं काम होतंच तसं विचित्र. बनारसमधल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी पहिली ते पाचवीच्या मुलांना इंग्रजी ऐकायला आणि बोलायला शिकवायची. लिहिण्या-वाचण्याच्या बाई वेगळ्या. माझ्या तासाला वही नाही, पेन्सिल नाही. त्यामुळे पालकांना वाटायचं, या बाई मुलांना नुसतं खेळवतात. ‘कॉपी में तो कुछ है ही नहीं’ ही वहीबद्दलची तक्रार मी इतक्या वेळा ऐकली, की शेवटी शेवटी पालक वर्गात शिरले की मीच आधी म्हणायची, "कॉपी नहीं है, बच्चे से बात कीजिए."

बाहेरच्याला हे सहज कळत नाही म्हणून सांगते. आमच्याकडची मुलं घरी बनारसी बोली बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि शाळेच्या फाटकातून आत आल्यावर एकदम इंग्रजी. मूल बावरतं. मग ते पाठ करतं. पाठ केलेलं इंग्रजी मोठं फसवं असतं. प्रश्नांचा क्रम जरा बदलला, की ‘तुझं वय किती’ला मूल ‘आय अॅम फाइन, थँक यू’ म्हणतं. म्हणून मी आधी कान तयार करायची. पहिले तीन महिने मुलानं तोंड उघडलं नाही तरी चालायचं. मी हुकूम सोडायची, त्यांनी तो पाळायचा. ‘स्टँड अप’, ‘टच युअर नोज’, ‘क्लोज युअर आइज’, ‘ओपन युअर आइज’. चुकला तो बाद. मुलांना हा खेळ इतका आवडायचा, की मधल्या सुट्टीत ती चपराशालासुद्धा नाकाला हात लावायला लावत.

कान तयार झाले की बोलणं. त्याचे दोनच नियम. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात सातपर्यंत मोजायचं, तोवर आपण गप्प. आणि मूल बोलत असताना मध्येच चूक काढायची नाही. त्याचं झाल्यावर तेच वाक्य आपण नीट करून सहज म्हणायचं. हे नियम मी नव्या शिक्षिकांना शिबिरांतून शिकवले आहेत, तेही बऱ्यापैकी ताठ मानेनं.

लल्लन माझ्या अगदी सुरुवातीच्या मुलांपैकी. तोंडी परीक्षेत मी त्याला वडिलांबद्दल विचारलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "माय फादर इज ऑन द बँक." मला वाटलं, चला, बँकेतल्या माणसाचा मुलगा. पालकसभेला त्याचे वडील आले तेव्हा मी खास खुर्ची पुढे केली आणि मुदतठेवीवर हल्ली काय व्याज देता, असं विचारलं. खांद्यावर ओला गमछा टाकलेला तो माणूस गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हम त नाव चलाईला, मैडम." राजा घाटावर त्याची नाव होती. नदीच्या काठालाही बँकच म्हणतात, हे मीच त्या आठवड्यात शिकवलं होतं. मुलानं ते नीट ऐकलं होतं, बाईंनी ऐकलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत ही गोष्ट मी हसत हसत सांगायची.

वडील गेल्यावर लल्लनची शाळा पाचवीनंतर सुटली. मग कितीतरी वर्षांनी तो एकदा दूधविनायकच्या आमच्या घरी आला. पस्तिशीच्या आसपासचा, दाढी नीट केलेला. गाडी चालवायला शिकलो आहे, लायसन आहे, शाळेत व्हॅनवर माणूस हवा आहे असं कळलं, तुम्ही शब्द टाकाल का, म्हणाला. मी दुसऱ्याच दिवशी प्रिन्सिपल मॅडमना सांगितलं, "मेरा पढ़ाया हुआ है. नशा-पानी कुछ नहीं. मेरी ज़िम्मेदारी." तो लागला. सहा वर्षं एक तक्रार नाही. मुलं त्याला व्हॅन अंकल म्हणायची. सकाळी फाटकाशी भेटला, की गाडीतूनच "गुड मॉर्निंग, मैम" म्हणायचा, अगदी दुसरीतल्या सुरात.

त्या वर्षी जानेवारीत धुक्यामुळे शाळा बंद होती ती उघडली आणि लगेच तोंडी परीक्षा आल्या. त्या वेळी शाळेच्या विश्वस्तांपैकी दोघं स्वतः बसून मुलांचं बोलणं ऐकणार होते. प्रिन्सिपल मॅडम रोज दोनदा विचारायच्या, "बच्चे पूरे वाक्य में बोल रहे हैं न?" मी वरवर शांत होते; आतून तीसेक वर्षांची अब्रू पणाला लागल्यासारखं वाटत होतं.

दुसरीच्या वर्गाची सराव परीक्षा. कानटोप्या घातलेली पस्तीस मुलं. मी टेबलावर मोबाइल ठेवून प्रत्येकाचं बोलणं रेकॉर्ड करत होते. नंतर कानात इअरफोन घालून ऐकायचं आणि पाचपैकी गुण द्यायचे, अशी माझी पद्धत होती. चित्रांची कार्डं होती. मुलगा खातो आहे, मुलगी धावते आहे, मांजर झोपलं आहे.

तनूला मांजर आलं. तनू म्हणजे रामनगरची, नदीपलीकडची. बापाचं दुधाचं काम. बारीक, वेणीला नेहमी दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी. तिनं "द कॅट इज स्लीपिंग" बरोबर सांगितलं. मी पुढं विचारलं, "हू इज स्लीपिंग?" उत्तर अपेक्षित होतं, ‘मांजर’.

तनू म्हणाली, "व्हॅन अंकल स्लीप्स."

वर्गात हशा फुटला. मुलं बाकं बडवायला लागली. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि म्हटलं, "व्हॅन अंकल इज स्लीपिंग. से इट."

"नो मैम," तनू म्हणाली. "स्लीप्स."

इंग्रजीत ‘इज स्लीपिंग’ म्हणजे आत्ता झोपला आहे, आणि ‘स्लीप्स’ म्हणजे झोपतो, नेहमी झोपतो. हा फरक मुलांना चौथीपर्यंत कळत नाही. त्यामुळे ही मुलगी तो फरक जाणून बोलत असेल, हे माझ्या मनातही आलं नाही. ती हसण्याच्या गलक्यात आणखी काहीतरी पुटपुटली. माझ्यासमोर अजून वीस मुलं होती. मी म्हटलं, "एव्हरीबडी स्लीप्स अॅट नाइट. से, व्हॅन अंकल स्लीप्स अॅट नाइट."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघून म्हणाली, "व्हॅन अंकल स्लीप्स अॅट नाइट."

"व्हेरी गुड," म्हणून मी तिच्या हातावर चांदणीचा स्टिकर चिकटवला.

दीड वाजता शाळा सुटली. शिक्षकांच्या खोलीत हिंदी शिकवणारी शालिनी कोपऱ्यात वह्या तपासत होती. मी इअरफोन घालून गुण द्यायला बसले. तनूचं रेकॉर्डिंग आलं. व्याकरण चुकलं, प्रश्न समजला नाही, म्हणून पाचपैकी दोन लिहिले. पण पुटपुटलेलं काय होतं? सवयीनं मी मागं जाऊन पुन्हा लावलं. मुलांचं हसणं, डस्टरचा आवाज, माझा आवाज, आणि त्याखाली तिचा बारीक आवाज. तिसऱ्यांदा आवाज पूर्ण वाढवला तेव्हा शब्द ऐकू आले.

"ऑन ब्रिज. एव्हरी डे."

माझ्या हातातलं पेन तिथंच थांबलं. सामनेघाटचा पूल. रामनगरची मुलं रोज व्हॅननं तो पूल ओलांडून जातात. सकाळी येताना, दुपारी जाताना.

घड्याळात एक चाळीस. मी लल्लनला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, आणि लगेच मीच तोडला. तो खरंच पेंगत गाडी चालवत असेल आणि दचकून फोन उचलायला गेला तर? नाही उचलला तर? अंगठा बटणावर ठेवून मी उभी राहिले. मग धावत प्रिन्सिपल मॅडमच्या खोलीत गेले आणि त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सात साल की बच्ची है," त्या म्हणाल्या. "आप ही तो उसे लाई थीं. छह साल में कुछ हुआ? कल बुलाकर पूछ लेंगे."

"कल नहीं, मैडम. गाड़ी अभी रास्ते में है."

"तो क्या करूँ? पुलिस भेजूँ? गाड़ी रुकवा दी और कुछ निकला नहीं, तो ग्यारह घरों में क्या जवाब देंगे?"

 खरं सांगायचं, तर मलाही ते खोटंच निघायला हवं होतं. मी शिक्षकांच्या खोलीत परत आले आणि शालिनीला म्हटलं, "स्कूटी काढ." ती मराठी नव्हती, पण माझं तोंड बघून तिनं वह्या तशाच टाकल्या.

आमची शाळा भेलूपुरात. व्हॅन आधी लंका नावाच्या चौकात दोन मुलं सोडते, मग नगव्यात तीन, आणि मग पुलाकडे वळते. म्हणजे आम्हाला पंधराएक मिनिटं मिळत होती, रस्ता मोकळा असेल तर. तो नव्हता. लंकेला विद्यापीठाच्या फाटकापुढे टोटो म्हणजे बॅटरीवरच्या रिक्षा, फळांच्या गाड्या, इस्पितळाकडे रुग्ण नेणाऱ्या रिक्षा, सगळं एकात एक अडकलेलं. शालिनी पाय टेकत, पाय टेकत स्कूटी पुढं काढत होती. मी मागून दर मिनिटाला घड्याळ बघत होते आणि मनात नुसती ग्यारह, ग्यारह चालू होतं. नगव्यात कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं, पिवळी व्हॅन गेली का? तो म्हणाला, "अभी तो गई, मैडम. पाँच मिनट."

आम्ही पुलावर चढलो तेव्हा व्हॅन बरीच पुढे दिसली. तिचा वेग जास्त नव्हता. उलट ती फार सावकाश, एका चालीनं जात होती आणि जाता जाता डावीकडे सरकत होती, अगदी हळू, पाण्यावर सोडलेली नाव सरकावी तशी. कठड्याजवळ आली, की झटक्यानं परत रस्त्यावर. मग पुन्हा डावीकडे.

जवळ गेलो तसा आतून आवाज ऐकू आला. मुलं ओरडत होती. आधी एकटा बारीक आवाज, मग सगळी मिळून.

"अंकल, टच युअर नोज!"

मागच्या काचेतून मला लल्लनचा हात वर जाताना दिसला. त्यानं नाकाला हात लावला.

"अंकल, टच युअर हेड!"

हात डोक्यावर गेला.

"अंकल, ओपन युअर आइज! ओपन युअर आइज!"

या वेळी हात उठला नाही. मुलांचं इंग्रजी थांबलं आणि नुसता "अंकल! अंकल!" असा कालवा झाला. व्हॅनचं पुढचं चाक पदपथाच्या कडेला घासू लागलं. शालिनीनं हॉर्नवरचा हात न काढता स्कूटी उजव्या बाजूनं त्याच्या खिडकीला भिडवली. मी त्याच्या दारावर हात मारला आणि ओरडले, "अरे थांब! थांब मेल्या!"

आयुष्यभर इंग्रजी बोलायला शिकवलं आणि त्या वेळी तोंडातून मराठी आली. लल्लनला मराठी कळत नव्हती, पण त्यानं ब्रेक दाबला. गाडी हिसका देऊन पदपथाला टेकली आणि बंद पडली. मागून एक ट्रक कर्कश हॉर्न देत आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला.

मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली आणि मुलं मोजली. पाच उतरली होती, उरली सहा. सहाही होती. पुन्हा मोजली.

लल्लन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसला होता. डोळे लाल. "मैम? आप यहाँ कैसे?"

"सो रहे थे तुम."

त्यानं नाकारलंसुद्धा नाही, हे मला अजून आठवतं. "बस पुल पर ही आँख लगती है, मैम. हवा लगती है न. तनु बिटिया जगा देती है. बच्चे बहुत अच्छे हैं."

"कब से?"

"दिवाली से."

दिवाळीपासून तो रात्री मेहुण्याची टोटो घेऊन स्टेशनवरून यात्रेकरूंची ने-आण करत होता. हल्ली गर्दी इतकी, की रात्र कुठं सरते ते कळत नाही. मुलीला नर्सिंगच्या शिकवणीला घातलं होतं. पहाटे पाचला टोटो लावायची आणि सहाला व्हॅन काढायची. मी तनूकडून वदवून घेतलेलं ‘व्हॅन अंकल स्लीप्स अॅट नाइट’ हे वाक्य व्याकरणात अगदी बरोबर होतं, आणि तेवढंच एक त्या दिवशी खोटं होतं.

तनू पुढच्या सीटवर होती. मुलांनीच तिला तिथं बसवलं होतं, कारण तिचा आवाज चढा. पूल आला की हुकूम द्यायचं काम तिचं. सात वर्षांची मुलगी अडीच महिने हे काम करत होती. मी तिला खाली उतरवलं आणि विचारलं, "घर पर क्यों नहीं बताया?"

"बताए थे," ती म्हणाली. "मम्मी बोलीं, अंकल सो जाते तो गाड़ी चलती कैसे."

 तीच पुढं म्हणाली, "आपको भी तो बताए थे."

"हिंदी में क्यों नहीं बताया, बेटा?"

"आपकी क्लास में हिंदी मना है."

शालिनीला गाडीपाशी ठेवून मी सहा मुलांना हातात हात धरायला लावलं आणि रांगेनं पुलाच्या कडेकडेनं चालत पलीकडे नेलं. खाली नदी होती, हिवाळ्यातली, वाळूला चिकटलेली. मुलं मजेत होती.  पूल संपल्यावर एका चहाच्या टपरीवर बसून मी एकेकाच्या घरी फोन केला. तनूची आई दुपट्टा सावरत धावत आली, लेकीला मांडीवर घेऊन बसली आणि कितीतरी वेळ तिची एक रिबीन सोडत आणि बांधत राहिली.  मला तिच्याशी बोलायची हिंमत नव्हतीच.

संध्याकाळी प्रिन्सिपल मॅडमचा फोन आला. "कुछ हुआ तो नहीं न? गाड़ी ख़राब हो गई थी, ऐसा लिख देते हैं. ड्राइवर को कल से हटा रही हूँ. बात ख़त्म."

मी म्हटलं, मी लिहून देणार आहे, जे झालं ते.

"उसमें आपका भी नाम आएगा. ज़िम्मेदारी आपने ली थी."

"येऊ दे," हे मी मराठीतच म्हटलं बहुतेक.

ह्यांना सगळं सांगितलं. हे रेल्वेत होते. सिग्नलच्या कामात उभी हयात गेली. झोप आणि गाडी यांचं नातं त्यांना शिकवावं लागत नाही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "सहा वर्षं तो तुला गुड मॉर्निंग म्हणत होता."

"हो."

"एकदा तरी विचारलंस का त्याला, बाबा, झोप होते का तुझी? आमच्याकडे ड्युटीवर येणाऱ्या माणसाला पहिलं हेच विचारायचे."

"मी काय त्याची साहेब होते?"

"नव्हतीस. पण शब्द तू टाकला होतास."

मी चिडले, उठून आत गेले. ते बोलले ते खरं होतं म्हणून चिडले.

लिहून दिलेल्या कागदाचं फार काही झालं नाही. मला तोंडी समज मिळाली. व्हॅनवर नवा माणूस आला आणि प्रत्येक गाडीत एक बाई बसवायचं ठरलं. ते अजून पाळलं जातं असं ऐकते. लल्लनला काढू नका, असं मी म्हटलं नाही. म्हणणं शक्यच नव्हतं. तो किल्ल्या द्यायला शाळेत आला तेव्हा मी वर्गात होते. खिडकीतून दिसला. मी तास सोडून खाली गेले नाही.

पण खरं अवघड पुढंच होतं. व्हॅन अंकल मुलांचे लाडके होते. ते गेले कुणामुळे, हे मुलांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं. मधल्या सुट्टीत मी स्वतः ऐकलं, "तेरी वजह से निकाल दिए अंकल को." तनू गप्प झाली. माझ्याच तासाला नाही, सगळ्याच तासांना. हजेरीला हात वर करायची, बस. मी प्रश्न विचारायची, सातपर्यंत मोजायची, मग दहा, मग वीस. ती माझ्याकडे बघत उभी राहायची. तिच्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

तोंडी परीक्षेच्या दिवशी विश्वस्त आले. एक सेवानिवृत्त प्राध्यापक आणि एक व्यापारी. मुलं छान बोलली. तनूचं नाव आलं. ती पुढं आली, कार्ड हातात घेतलं आणि उभी राहिली. खोलीत नुसता पंख्यासारखा घूं आवाज करणारा हीटर ऐकू येत होता. प्रिन्सिपल मॅडमनी मला डोळ्यांनी खुणावलं, पुढचा बोलवा. प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बच्ची कुछ बोलती नहीं क्या?"

 मी उभी राहिले. "बोलती है, सर," मी म्हटलं. "इसने पिछले महीने मेरी क्लास में एक वाक्य बोला था. वाक्य बिल्कुल सही था. मैंने ग़लत समझा और ग़लत वाक्य रटवा दिया. मुझसे सुनने में भूल हुई. इसके नंबर मैंने दो दिए थे, पाँच होने चाहिए."

मागं सगळा वर्ग बसला होता. मी वळून मुलांना म्हटलं, "अंकल की नौकरी तनु की वजह से नहीं गई. तनु ने पहले मुझे बताया था. मैंने सुना होता, तो अंकल को बुलाकर समझाती, शायद बात वहीं सँभल जाती. मैंने नहीं सुना. जिसे ग़ुस्सा करना है, मुझ पर करो."

व्यापारी विश्वस्तांना यातलं काही कळलं नसावं, ते म्हणाले, "अच्छा, अच्छा, नेक्स्ट." तनू जागेवर जाऊन बसली. तेव्हाही काही बोलली नाही. चमत्कार वगैरे झाला नाही. आठवड्याभरानं मी पाचवीच्या मुलांना काहीतरी समजावत जिन्यात उभी होते, तेव्हा ती शेजारून गेली, चार पायऱ्या उतरली, परत चढून आली आणि म्हणाली, "मैम, युअर पदर इज ऑन द फ्लोर." मी खाली पाहिलं. खरंच लोळत होता. मी तो उचलून खोचला आणि थँक यू म्हटलं. ती उड्या मारत निघून गेली.

राहिला लल्लन. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ह्यांनी एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा म्हटलं, "जाऊन ये ग एकदा." एप्रिलात, परीक्षा संपल्यावर, एका दुपारी मी नगव्याला गेले. मल्लाहांच्या, म्हणजे नावाड्यांच्या, वस्तीत त्याचं घर विचारत विचारत सापडलं. त्याच्या बायकोनं मला ओळखलं. आत बसवलं, पाणी दिलं. तो मागच्या अंगणात उपड्या घातलेल्या नावेला डांबर लावत होता. कुणाची तरी नाव होती, मजुरीवर. मला बघून हात पुसत उभा राहिला, आणि "गुड आफ्टरनून" न म्हणता नुसता नमस्कार केला.

टोटो मेहुण्यानं परत घेतली होती. ती सुटली ते बरं झालं, असं बायकोच म्हणाली; आता रात्री घरी असतात. मुलीची शिकवणी बंद केली नव्हती. मी तिच्याबद्दल विचारलं, आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. मला जे बोलायचं होतं ते जमेना. शेवटी म्हटलं, "लल्लन, मी तुला विचारायला हवं होतं. तुला झोप मिळते का, एवढंच विचारायला हवं होतं." हे मी हिंदीतच म्हटलं अर्थात, आणि वाक्य दोनदा अडखळलं.

तो हाताचं डांबर खरवडू लागला. मग म्हणाला, "आप पूछतीं तो हम झूठ बोल देते, मैम." आणि त्यानंच विचारलं, "बच्चे ठीक हैं? नया आदमी कैसा है?"

"ठीक है."

"पुल पर बच्चे चिल्लाते हैं अब?"

"नहीं. चुपचाप बैठते हैं."

त्यानं मान हलवली. "चुपचाप ही बैठना चाहिए," म्हणाला.

निघताना तो मला पोचवायला सडकेपर्यंत आला. मी नको म्हटलं तरी आला. उन्हं कलली होती. त्यानं आमच्या घराच्या बाजूला, मैदागिनकडे जाणारी एक टोटो थांबवली, मला बसायला हात दिला आणि चालवणाऱ्याला म्हणाला, "मैम हैं हमारी. आराम से ले जाना."

मग लगेच बाजूला झाला नाही. वाकून आत डोकावला आणि त्या टोटोवाल्याचे डोळे नीट, दोन्ही, पाहून घेतले. मगच त्यानं छतावर थाप मारली आणि म्हणाला, "जाओ."